सावकाश चालवणारा साडू

माझ्या थोरल्या साडूइतका सावकाश गाडी चालवणारा माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात दुसरा नसेल. अवसरी बुद्रुकहून तो मंचरच्या बाजाराला निघाला की मागं दूधवाल्यांच्या मोटारसायकली, टेम्पो, एखादा ट्रॅक्टर अशी मिरवणूकच लागायची. मागून हॉर्नवर हॉर्न. हा आपला कोपर खिडकीबाहेर काढून निवांत. ट्रॅक्टरवालासुद्धा पुढं निघून जाताना मान वळवून बघायचा. शेजारी बसलेला मी ओशाळायचो, तर साडू म्हणायचा, "जाऊ द्या पावणं. त्याला घाई हाय. आपल्याला बायकापोरं हायेत."

हे वाक्य मला इतकं आवडलं, की आमच्या नारायणगावात चार ठिकाणी मी ते आपलंच म्हणून खपवलं. शिवाय या सावकाशपणाला त्याच्याकडं कारणंही भक्कम असायची. कधी उसातून बिबट्या आडवा येतो म्हणून, कधी डिझेल वाचतं म्हणून, कधी नुसतंच, "गाडी म्हंजी लक्ष्मी हाय, तिला पळवायची नसती."

आता जो माणूस गाडी एवढी जपतो, त्याची गाडी कशी असेल? मी तर्क केला. तर्क करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पूर्वी मी एक जुनी पाण्याची मोटर 'अजिबात आवाज करत नाही' या एका गुणावर घेतली होती. ती आवाज करत नव्हती, कारण ती चालतच नव्हती.

तर साडूनं गाडी काढायची म्हटल्यावर मी लगेच हात वर केला. माझी टोमॅटोची, मिरचीची रोपवाटिका आहे. रोपांचे ट्रे टाकायला, शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत जायला अशीच उंच, दणकट गाडी पाहिजे होती. डिझेलवर चालणारी, पांढरी, सात माणसांची म्हणून अकरा बसवता येणारी. पुढून बघितलं तर गावचा पाटीलच उभा आहे असं वाटावं. म्हातारी झाली होती, पण ऐट गेली नव्हती.

गाडी चालवून बघितली का, असं पुढं मला अनेकांनी विचारलं. नाही बघितली. आमच्याकडं बाजारातून बैल घेतला तर माणूस त्याला गाडीला जुंपतो, चाकं बांधून ओढायला लावतो, उठवतो, बसवतो. पण नात्यातला बैल घ्यायचा तर त्याला जुंपून बघायचं नसतं. तो मालकाचा अपमान. कासरा हातात घ्यायचा, घरच्या बायका त्याच्या पायावर पाणी घालतात, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, आणि बैल मुकाट्यानं आपल्या मागं येतो. माझ्या वडिलांनी सगळे बैल असेच घेतले. मी गाडीही तशीच घेतली. साडू स्वतः ती चालवत आमच्या दारात घेऊन आला. अर्थात सावकाश. बायकोनं चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, बॉनेटवर भाकरी ओवाळली. मी साडूला टॉवेल-टोपी केली. म्हणजे ज्यानं मला खड्ड्यात घातलं, त्याचा मी खर्चानं सत्कार केला. असा मान क्वचितच कुणाला मिळत असेल.

निघताना त्यानं माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "सावकाश चालवा बरं का." मला भरून आलं. सख्खा भाऊ एवढं सांगत नाही.

पुढचे बरेच दिवस सुखात गेले. आमच्या भागातले आतले रस्ते असे, की तिथं साठचा वेग ही निव्वळ कल्पना. खड्डा संपला की गतिरोधक, गतिरोधक संपला की कुणाची तरी शेळी. आणि एक गोड गोष्ट सुरू झाली. आम्ही त्या गाडीतून कुठंही निघालो, की बायकोची थोरली बहीण, म्हणजे साडूची बायको आक्का, हिचा फोन यायचा. "पोचला का?" जुन्नरला गेलो तरी फोन, ओझरला दर्शनाला गेलो तरी फोन. बायको सगळ्यांना कौतुकानं सांगायची. तिची आई लवकर गेली, आक्कानंच तिला वाढवलेलं. "आईच हाय ती माझी," असं ती म्हणायची. मीही मनातल्या मनात आक्काला हात जोडायचो.

मग एकदा आळेफाट्याकडं रोपं पोचवायची होती. मोठा रस्ता, रिकामा, गुळगुळीत. मला वाटलं, जरा लक्ष्मीला पळवू. काटा साठच्या पुढं सरकला, पुलाच्या तोंडाशी एक बारीकसा उंचवटा लागला, आणि स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. आधी थंडी भरल्यासारखं. मग कुणीतरी दोन्ही बाजूंनी धरून पाखडतंय तसं. आरसा वाकडा झाला, समोरचा कप्पा आपोआप उघडला, त्यातली कागदपत्रं माझ्या मांडीवर, डॅशबोर्डवरचे गणपती नाचायला लागले आणि माझे गाल त्यांच्या तालावर. मागं ट्रेमधली रोपं जमिनीत लावायच्या आधीच उपटली गेली. माझ्या मनात पहिला विचार आला तो भूकंपाचा. खरं सांगतो, मी बाजूच्या ट्रककडं बघितलं, तोही हलतोय का म्हणून. तो हलत नव्हता. उलट त्यातला क्लीनर माझ्याकडं तोंड उघडं टाकून बघत होता.

वेग चाळिसाखाली आला आणि सगळं शांत. जणू काही झालंच नाही. गाडी पुन्हा पाटलासारखी चालायला लागली.

त्यानंतर माझी गॅरेजयात्रा सुरू झाली. पहिला म्हणाला, "चाकं बॅलन्स नाय केली कधी. किरकोळ काम." केली. पुढच्या खेपेला दुसरा म्हणाला, "बॅलन्सिंगनं काय व्हतंय राव? टाय रॉड गेलेत." चाकांना वळवणाऱ्या त्या दांड्या बदलल्या. तिसऱ्यानं खाली वाकून बघितलं आणि आधीच्याच्या अकलेला हात जोडले. "दांड्या बदलल्या, अन् बुश तसंच ठिवलं? कुठल्या शाळेत शिकला हा?" रबरी बुशही बदलले. प्रत्येक जण काढलेला जुना माल माझ्या हातात द्यायचा. "हे बघा, खुळखुळा झालाय पार." फसवलं नाही याचा तो पुरावा. मी ते सगळं खताच्या रिकाम्या गोणीत टाकून गाडीच्या मागं ठेवत गेलो. गोणी भरत गेली. गाडी जशी होती तशीच. साठ ओलांडले की अंगात यायचं.

शेवटी मंचरच्या एका गॅरेजवाल्यानं गाडी वर घेतली, पुढचा चिखल पाण्यानं धुतला, बराच वेळ खाली गेला आणि आतूनच ओरडला, "भाऊ, गाडी ठोकल्याली हाय का ही?"

"नाही ब्वॉ."

"तुमी नाय ठोकली?"

"मी पळवतच नाही."

"मंग आधीच्यानं ठोकली. या, बघा."

मी गुडघ्यावर वाकून बघितलं. चेसिसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा पुढचा एक हात तुटून पुन्हा जोडलेला होता. वेल्डिंगची ओबडधोबड शिवण आणि तेवढ्याच तुकड्यावर दाट काळा रंग. "सांगाडाच सरळ नाय," तो म्हणाला, "तर वरचं कितीबी बदला. गळ्यात हाडूक अन् वरून मलम, असलं काम हाय हे. जो चालवीत व्हता त्याला ठावं असणारच. एकदा का साठ गाठलं की कळतंय."

एकदा का साठ गाठलं की कळतंय. मी तिथंच टायरवर टेकलो. माझ्या डोळ्यांपुढून मंचरच्या रस्त्यावरची ती मिरवणूक गेली. दूधवाले, टेम्पो, मान वळवून बघणारा ट्रॅक्टरवाला. बिबट्या. डिझेल. बायकापोरं. लक्ष्मी. ज्याला मी संयम समजलो, शेजारी बसून ज्याचे धडे घेतले, ती वेल्डिंगची शिवण होती.

घरी येऊन मी बायकोपुढं सगळं मांडलं. जरा रंगवूनच. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "दाजी असं करायचे न्हाईत."

"शिवण काय मी घातली?"

"दाजींनी तरी ती नवी कुठं घेतली व्हती? त्यांच्या आधीच्यानं ठोकली असंल. त्यांना तरी काय ठावं?"

"मग ते जन्मभर चाळीसनं का चालवतात?"

"त्यांचा सोभावच तसा हाय." मग तवा खाली उतरवून माझ्याकडं बघत ती म्हणाली, "माझं लगीन त्यांनी उभं राहून लावलं. तुमचं स्थळबी त्यांनीच आणलं व्हतं."

"म्हणजे जुना माल खपवायची सवय पहिल्यापासूनची आहे."

एरवी असल्या विनोदाला ती पीठ उडवते. त्या दिवशी हसली नाही. "तुमी त्यांना काय बोलायचं नाय," ती म्हणाली. "कळल्याबिगर नायच."

झालं. गाडी दुरुस्त होवो न होवो, मला आता एवढंच पाहिजे होतं. साडूला ठाऊक होतं की नव्हतं? ठाऊक नसेल, तर आम्ही दोघं एकाच खड्ड्यातले भाऊ. ठाऊक असेल, तर माझ्या बायकापोरांना त्यानं जाणूनबुजून त्या गाडीत बसवलं. सरळ विचारलं तर तो नाहीच म्हणणार, आणि त्याच्या डोळ्यांत पुन्हा पाणी येणार, आणि मी पुन्हा टॉवेल-टोपी करणार. स्वतःची मला एवढी ओळख आहे.

तेवढ्यात साडूच्या मुलीचं लग्न ठरलं आणि माझ्या डोक्यात एक नामी कल्पना आली. माझ्या नामी कल्पनांचा इतिहास वर आलाच आहे.

लग्नाची बैठक अवसरीला, त्यांच्याच ओसरीवर. भावकीतली वडीलधारी मंडळी बसलेली. मांडव कुणाकडं, वाढपी कोण, अक्षता कोण वाटणार, एकेक काम वाटलं जात होतं. गाड्यांचा विषय निघाला तसा मी घसा साफ केला. "नवरीची गाडी माझ्याकडं. पाठवणी आपल्या घरच्या गाडीतूनच करायची. मी स्वतः चालवतो."

साडूचा चहा बशीतच राहिला. "आवो कशाला पावणं? जुनी झाली आता ती."

"जुनी? तुम्हीच म्हणाला होता, लक्ष्मी हाय."

"तसं नव्हं. पोरीला लांब जायचंय, पेठचा घाट वलांडून..."

"मग उंच गाडीच बरी की," कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले. "लेकीनं घरच्या गाडीतून जावं. भाड्याच्या गाडीतून काय पाठवतो?" सगळ्यांनी माना हलवल्या. साडूनं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि बशी तोंडाला लावली. "बरं," तो म्हणाला. "पावणं म्हणत्यात तर तसं."

मला सटकन चपराक बसल्यासारखं झालं. कारण माझा हिशेब सरळ होता. ठाऊक असेल तर तो मुलीला त्यात बसवणारच नाही. आणि हा तर हो म्हणाला! म्हणजे बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. परतताना बायकोचा चेहरा असा उजळला होता, की मी वाटेत तिला पेरू घेऊन दिले. चूक कबूल करण्याची ही माझी पद्धत.

लग्नाच्या दिवशी मी गाडी झेंडूनं मढवून नेली. ती गोणी तेवढी गाडीतच राहून गेली. प्रत्येक खड्ड्याला माझे जुने टाय रॉड वाजत होते. कार्यालयाच्या दारात साडू आला, फुलांची सुटलेली माळ स्वतःच्या हातानं बांधली आणि हलकेच म्हणाला, "पावणं, जरा सावकाश न्या. काय घाई नाय."

मी म्हटलं, "चिंता नको." आणि त्याच्याकडं बघितलं तर तो माळच बघत होता.

लग्न लागलं, पंगती उठल्या. पाठवणीची वेळ आली. बँडवाल्यांनी रडायचं गाणं धरलं. मी स्टेअरिंगवर बसलेलो, मागचं दार उघडं. बायको नवरीची बॅग घेऊन दाराशी उभी. आक्का लेकीला कवटाळून आली. लेकीनं एक पाय पायरीवर ठेवला, आणि आक्काचा हात तिच्या दंडाला तसाच राहिला.

"ह्यात नको," आक्का म्हणाली.

"बसव गं," साडू मागून म्हणाला. "पावणं हळू नेत्यात."

"नको म्हणलं ना!" तिनं लेकीला अक्षरशः मागं ओढलं. "पारगावच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीखाली गेला व्हता तुमी ते ह्याच गाडीत. पत्रा कापून काढलं तुमाला. माझ्या पोरीला नाय बसवायची मी ह्यात."

बँड चालू होता. चार हातांवरच्या माणसांनाही ऐकू गेलं नसेल. ज्यांना जायला पाहिजे होतं त्यांना गेलं.

साडू टोपी काढून हातात धरून उभा राहिला. या क्षणासाठी मी एक भाषण तयार ठेवलं होतं. रोपांना पाणी घालताना घोटलेलं, टोमण्यांनी भरलेलं. पण माझं लक्ष आरशात होतं. आरशात बायको दिसत होती.

ती बॅग छातीशी धरून म्हणाली, "आक्का, मंग मला बसवली ती?"

आक्कानं तिच्याकडं बघितलं. मग म्हणाली, "अगं, तुझं मालक हळू चालवित्यात... म्हणून म्हणलं, काय व्हत नाय. आन् मी फोन करीतच व्हते की गं. दर खेपंला करीत व्हते."

बायकोनं बॅग खाली ठेवली.

नवरी नवऱ्याच्या मामाच्या गाडीतून गेली. कुणीतरी म्हणालं, मोठी गाडी आहे, एसी आहे, बरं झालं. मग मानपान सुरू झाला आणि साडू एकेकाला टॉवेल-टोपी करत माझ्यापर्यंत आला. त्यानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. मी ठेवू दिली. नाकारायचीही काहीतरी रीत असणार, मला ती येत नाही.

उन्हं उतरताना आम्ही दोघं निघालो. झेंडूनं मढवलेली गाडी, आणि आत नवरीच नाही. मंचरच्या चौकात बायकांनी वाकून वाकून आत बघितलं. त्यांना टोपी घातलेला मी दिसलो. एकीनं हसून तोंडाला पदर लावला. मी बायकोला म्हटलं, "बघ, आपली वरात पुन्हा निघाली." ती समोर बघत होती.

मी आपला चाळीसनं. मागून हॉर्न वाजत होते. एक ट्रॅक्टर पुढं गेला. मोठा रस्ता मोकळा झाला तशी ती म्हणाली, "दाबा."

"काय?"

"जोरात घ्या. मला बघायचंय."

"कशाला? त्यात बघण्यासारखं..."

"एवढे दिवस सगळ्यांना ठावं व्हतं. मला एकटीलाच नाय. दाबा तुमी."

मी दाबलं. पन्नास. पंचावन्न. साठ ओलांडले आणि कुठल्याशा सांध्यावरून चाक गेलं. स्टेअरिंगनं अंग झटकलं. झेंडू सुटून काचेवर आपटायला लागले, मागं गोणीतला सगळा माल खणाणायला लागला, तिच्या हिरव्या बांगड्या एकसारख्या किणकिणायला लागल्या. तिनं कशालाच धरलं नाही. हात मांडीवर तसेच ठेवून त्या हलणाऱ्या बांगड्यांकडं ती बघत राहिली. या लग्नासाठी त्या आक्कानंच तिला भरल्या होत्या.

"बास," ती म्हणाली.

मी गाडी हळू करत कडेला घेतली. गाडी थांबली. मी टोपी काढून डॅशबोर्डवर ठेवली. काहीतरी गमतीचं बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. आक्का.

तिनं तो वाजू दिला. बंद झाला. पुन्हा वाजला. तिसऱ्या खेपेला तिनं कानाला लावला. पलीकडून तोच प्रश्न आला असणार, तो ऐकू यायची गरज नव्हती.

"हां, पोचलो," ती म्हणाली, आणि फोन पर्समध्ये टाकला.

आम्ही अजून वाटेतल्या कळंबच्याही अलीकडं होतो.